नागपूरला धुरा पाहायला

आमचे हे नागझिऱ्याच्या जंगलात गाईड. लांबचं पाहणं हाच धंदा, आणि चष्मा मात्र बाटलीच्या बुडासारखा जाड. जिप्सीची धूळ काचांवर बसायची, आणि चष्मा पुसून पुन्हा लावेपर्यंत पर्यटकांनीच अस्वल पाहून घेतलेलं असायचं. चष्मा काढला तर समोर मी उभी की माझी जाऊ, हेही कळायचं नाही.

२००३च्या सुमारास नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढा मोठा नंबर लेझरने जाणार नाही, पण डोळ्याच्या आत लेन्स बसवता येईल. बसवली. परतताना कोहमाऱ्याला बस थांबली, तर हे ढाब्यांवरच्या पाट्या एकामागून एक मोठ्याने वाचायला लागले. अख्खी बस वळून पाहत होती. मला लाज वाटली आणि रडूही आलं.

गावाने ठरवून टाकलं, तरण्या वयात मोतीबिंदू झाला. सासूबाईंच्या डोळ्यातही लेन्स होतीच. "मायी बसवली, तवापासून मी डॉक्टरचं तोंड नाही पायलं," असं त्या ठणकावून सांगायच्या. पण मोतीबिंदूत त्यांची मूळची, जुनी लेन्स काढून नवी घातलेली. ह्यांची स्वतःची आत तशीच होती, नवी तिच्यापुढे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दोन्हींमध्ये थोडी जागा राहिली पाहिजे. नवी जुनीला टेकली तर जुनी गढूळ होऊ शकते. वयाबरोबर ही जागा कमी होते आणि सुरुवातीला तुम्हाला कळतही नाही. चांगलं दिसत असलं तरी दरवर्षी दाखवायला या." घरी येऊन ह्यांनी आम्हाला एका वाक्यात समजावलं, "दोन लेन्सच्या मधात धुरा हाये. तो पाहाले जा लागते."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडे सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं ते त्याच्यावरूनच. कुणीतरी दरवर्षी फावड्याने थोडा थोडा कोरतो, आणि लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात अभयारण्य बंद, म्हणून हे तेव्हाच नागपूरला जायचे. नेमकी तीच धानाची रोवणी. बाया मी गोळा करायच्या, गुडघाभर चिखलात मी उभी, आणि साहेब इस्त्रीचा शर्ट घालून निघालेले.

"चांगलं दिसून राह्यलं ना, मंग कायले जाता?"

"चांगलं दिसून राह्यलं म्हनूनच जातो."

अस्सा राग यायचा! पण ज्या माणसाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, तो डोळा कितीही खाजला तरी चोळत नव्हता आणि नागपूरची फेरी एकदाही चुकवत नव्हता. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. तोंडावर सांगितलं नाही, डोक्यावर चढून बसले असते.

एका वर्षी हे नागपूरला गेलेले असताना शेजारच्या शेताचे म्हातारे काका आमच्या अंगणात आले, लालबुंद होऊन.

"बाई, तुया नवरा दरसाली धुऱ्यासाठी नागपूरले जाते म्हन्ते! केस लावून राह्यला काय मायावर? मी एक फावडा तरी मारला काय धुऱ्यात?"

मी हसता हसता खालीच बसले. ते आणखी भडकले. मग मी दोन वाट्या आणल्या, एकीमागे एक धरल्या आणि मधली जागा दाखवली. काकांनी वाकून पाहिलं.

"आन हा धुरा कोन कोरते?"

"वय," मी म्हणाले.

"त्याच्यावर केस नाही लावता येत," म्हणाले, आणि चहा घेऊनच गेले.

ऑपरेशनला दहाएक वर्षं झाल्यावर हे नागपूरहून वाईट बातमी घेऊन आले. धुरा कमी झाला होता. डॉक्टरांनी काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं. आणखी कमी झाला तर बसवलेली लेन्स काढावी लागणार. म्हणजे पुन्हा तो जाड चष्मा, आणि जंगलातलं काम गेल्यातच जमा.

पुन्हा दाखवायला जायची वेळ आली ऐन कापणीत. काका म्हणाले, "जा दोघंही. धान मी पायतो."

बसमध्ये हे खिडकीशी बसले आणि मला एकेक दाखवत गेले: तारेवरचा नीळकंठ, पार लांबच्या झाडावरचं मोहोळ. मला काहीच दिसत नव्हतं. मी प्रत्येकाला हो म्हणत होते आणि आतून खूप घाबरले होते.

डॉक्टरांनी मोजलं, पुन्हा मोजलं. "जागा तेवढीच आहे. तुमची जुनी लेन्सही स्वच्छ आहे. ही बसवलेली अजून राहू द्या, पण येणं चुकवू नका."

बाहेर आल्यावर मी शेवटी बोललेच. "तुमी नेमानं आले म्हनून." हे एवढे लाजले की उलट्याच रस्त्याला लागले.

गावात उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. आमच्या शेतातलं धान कापून झालेलं. काका दोन्ही शेतांच्या मधे विळा घेऊन उभे होते. लांबूनच ओरडले, "धुरा?"

"जागेवर हाये!" हे ओरडले.

काकांनी पायाखाली पाहिलं. "हा बी," म्हणाले.