वल्ह्याची होडी सोडून

आमच्या नाशिक रोडच्या घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील कामगार संघटनेत. मी वाचायला पत्रकांवरच शिकले आणि मागणी कशी लिहायची तेही. वडिलांचा नियम होता, मागणीला अपवाद जोडायचा नाही. अपवाद म्हणजे समोरच्याला आपणच दिलेली पळवाट.

शहराच्या खालच्या अंगाला बंधाऱ्यामुळे गोदावरी पसरून उथळ होते. तिथे एक म्हातारे मासेमार होते. मी त्यांना बाबा म्हणायचे. कॉलेजात असताना हिवाळ्यातल्या रविवारी ते मला होडीतून नदी दाखवायचे. पाणकणसाचं बेट आलं की वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवायचे आणि होडी आपसूक सरकू द्यायचे. वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू यायचं. कमळपक्षी पानांवरून चालत अगदी जवळ यायचा. अजून पुढे जाऊ म्हटलं तर बाबा म्हणायचे, "त्यांची जेवायची वेळ हाय. दारात उभं नाय राहायचं."

मग मोटारबोटी आल्या. त्यांच्या लाटांनी टिबुकलीची तरंगती घरटी पालथी व्हायला लागली. एका सकाळी बाबांनी पाण्यातून उचललेलं गार अंडं माझ्या हातावर ठेवलं. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं: या पाण्यावर सर्व प्रकारच्या बोटी बंद करा. छापण्याआधी बाबांना होडीतच वाचून दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "वल्ह्याची होडी सोडून, एवढं टाक की."

मी त्यांना समजावलं. उद्या मोटारवालेसुद्धा बोटीत एक वल्हं टाकून येतील, अर्धवट मागणी कुणी ऐकत नाही. आणि तुमच्या होडीला कोण हात लावणार आहे?

"तू शिकलेली हायेस," ते म्हणाले आणि त्यांनी वल्हं पाण्यात घातलं.

स्टेशनबाहेर उभं राहून मी पत्रकं वाटली, सह्या घेतल्या. आमच्या घरातल्या एवढ्या मागण्यांपैकी हीच एक जशीच्या तशी मान्य झाली. मोटारबोटवाले दुसऱ्या धरणावर गेले. बाबांना जायला दुसरं पाणी नव्हतं. त्यांची होडी काठावर पालथी पडली.

मी अर्ज केले, कचेऱ्यांतल्या बाकांवर बसून राहिले. एका साहेबाने फायलीतून माझंच पत्रक काढलं, 'सर्व'वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तुम्हीच लिहिलंय ना? आयुष्यभर मी दोष द्यायला मालक शोधले, सरकार शोधलं. इथे शोधायला कुणीच नव्हतं.

बाबा आता इंदिरानगरात एका सोसायटीच्या गेटवर बसतात. गेल्या रविवारी मी नवं पत्रक घेऊन गेले. त्यात त्यांचं ते वाक्य सगळ्यात वर आहे. तपासताना वडिलांनी पहिल्यांदाच माझं काही खोडलं नव्हतं. बाबांनी ते न वाचता घडी घालून खिशात ठेवलं.

"चक्रवाक आले का?" त्यांनी विचारलं.

मी काठावरून दुर्बिणीने पाहिलं होतं. मधोमध काही ठिपके दिसले, पण ते कोण होते हे सांगता येईना.

"काठावरनं नाय कळायचं," ते म्हणाले. "आणि टिबुकल्या?"

मला माहीत नव्हतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाबा उठले, त्यांनी गेट उघडलं, गाडी आत घेतली, गेट लावलं. मग खुर्चीत बसून त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.