रावसाहेब काकांचा खुलासा

ज्यांची मी लेखी तक्रार केली होती, ते रावसाहेब काका गेले.

आमच्या आरोग्य केंद्राचे शिपाई. नाव रावसाहेब, त्यामुळे नवा माणूस आला की आधी त्यांनाच नमस्कार करायचा. काका नमस्कार घ्यायचे आणि चहा आणायला जायचे.

गोदावरीचा पूर ओसरला तेव्हा गावात आमचं तात्पुरतं औषध केंद्र होतं. पुराच्या पाण्यात पाय घातलेल्या माणसांना लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळे होणाऱ्या तापाची, प्रतिबंधक गोळी द्यायची. शाळेत चिखल, म्हणून केंद्र मारुतीच्या सभामंडपात. जागा मीच ठरवली. फार्मासिस्ट मी, इनचार्ज मी, टेन्शनही माझंच.

आठव्या दिवशी मेसेज आला. आज केंद्र बंद करा, पाचला गाडी येईल, उरलेला स्टॉक परत पाठवा.

मी खोकी बांधायला घेतली.

"मॅडम, खालच्या आळीतलं कुनीच आलं न्हाई अजून."

"आठ दिवस उघडंच होतं की, काका."

"त्यांच्यातलं म्हातारं पुरात गेलं. सगळी भावकी सुतकात हाय. देवळात कशी येतील? टेबल खाली रस्त्यावर घ्या."

काका बौद्ध. त्यांना ना सुतक, ना मारुती. पण कुणाचा पाय कुठे अडतो ते त्यांना कळायचं. मला आठ दिवसांत कळलं नव्हतं, आणि ते शिपायाने सांगावं याचाच राग आला.

"ते त्यांचं बघतील."

हो, हेच म्हणाले मी.

गाडी भरली. मी पुढे बसले. काकांनी मंडपातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून गाडीपुढे टाकली. माझ्यासमोर कधीही न बसलेला माणूस त्या खुर्चीत बसला.

"अर्धा तास द्या मॅडम. बाया-मानसं अजून चिखलातच राबत्यात."

खोकं उघडावं लागलं. बॉनेटवर ठेवून गोळ्या दिल्या. अख्खी आळी आली.

तरी माझा राग गेला नाही. त्याच संध्याकाळी मी तक्रार लिहिली. शिपायाने सरकारी गाडी अडवली. हाताने, दोन पानं. देऊळ, सुतक, यातलं एक अक्षर नाही.

काकांना नोटीस आली. नोटिशीचं एकच पान घेऊन ते आले कुणाकडे, तर माझ्याकडेच.

"मॅडम, खुलासा लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय."

माझ्या तक्रारीचं उत्तर मीच लिहायला बसले.

"देवळाचं लिहू का?"

"नगं. जागा कुनी ठरवली ते इचारत्याल. लिहा, चूक झाली, पुन्हा व्हनार न्हाई."

सर्व्हिस बुकात ताकीद लागली.

काका रिटायर झाले, मी बदलून राहात्याला आले. दर दिवाळीला फोन लावताना ठरवायचे, यंदा सांगून टाकू. तब्येत, नातवंडं, ठेवते काका. झालं.

आज मी काकांच्या जलदान विधीला, त्यांच्या दिवसकार्याला गेले. त्यांच्या मुलाने कागदांची पिशवी पुढे केली. "ताई, आईच्या पेन्शनला यातलं काय लागंल, बघा ना."

वरच ती नोटीस. मागे पिन मारून जोडलेली माझ्या तक्रारीची झेरॉक्स. दोन्ही पानं, माझ्याच अक्षरात.

म्हणजे खुलासा लिहायला माझ्यासमोर बसलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, काका.

पिशवी परत दिली. मुलालाही काही बोलले नाही. घरी आल्यापासून नुसत्या येरझारा चालल्यात. चहा दोनदा केला, दोनदा गार झाला.

त्यांचा मुलगा माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे. हे वाचेल.

वाचू दे.

काका, खुलासा उशिरा देतेय. चूक माझी होती.

जय भीम.