आबांचा बंद हुकूम

मुलगी बघायला धुळ्याहून जळगावला गेलो तेव्हा सोबत फक्त मामा होते. मुलगी बँकेतून यायची होती. तिचे वडील चहाचं सांगायला आत गेले आणि सतरंजीवर बसलेल्या तिच्या आजोबांनी, आबांनी, मला विचारलं, "मेंढीकोट येतं ना?" त्यांची बहीण अक्का आणि शेजारचे नाना पत्ते पिसून तयार होते; चौथा भिडू गावाला गेला होता. पहिल्याच भेटीत नाही म्हणणं बरं दिसेना. मी हो म्हणालो.

मला आबांच्या समोर, म्हणजे त्यांचा भिडू म्हणून बसवलं. मामा मागून कानात सांगत होते, "ज्या रंगाचं पान उतरेल त्याच रंगाचं टाकायचं. मोठं पान हात नेतं. दश्शी म्हणजे मेंढी. चारपैकी जास्त मेंढ्या ज्यांच्या, ते जिंकले. रंग नसला की हुकूम उघडायला सांग. मग हुकमाचा रंग सगळ्यांवर भारी."

आबांनी हातातलं एक पान पालथं करून मांडीखाली सरकवलं. तो बंद हुकूम.

चौथ्या हाताला अक्कांनी बदाम उतरवला. माझ्याकडे बदाम नव्हता. मी म्हणालो, "हुकूम उघडा."

आबांनी मांडी उचलली. खाली नुसती सतरंजी.

"हुकूम कोठे शे?" आबांनीच विचारलं.

"कोणतं पान होतं?" नाना म्हणाले.

"ते बंद होतं ना," आबा म्हणाले. "ध्यानात कशाला ठेवू?"

सगळ्यांनी पानं दाखवली असती तर हरवलेलं ओळखता आलं असतं. पण अक्का तयार नव्हत्या. डाव चालू होता. शेवटी मामांना तटस्थ ठरवलं. आबा हात वर करून उभे राहिले, मामा त्यांचं धोतर झटकू लागले, आम्ही तिघं पानं छातीशी धरून बघत राहिलो. तेवढ्यात मुलगी दारात आली. तिने हेल्मेट काढलं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "आबा, मागे वळा."

सकाळी केळीचा घड उतरवताना धोतराला चीक लागला होता. त्यावर चौकटची तिर्री चिकटली होती.

आबा धोतर बदलायला गेले आणि त्यांच्या जागी ती बसली. पुढच्याच हाताला मी नानांच्या इस्पिकच्या एक्क्यावर माझी दश्शी टाकली. उरलेल्या तीनही मेंढ्या अक्का-नानांकडेच गेल्या. चारही मेंढ्या गेल्या, म्हणजे आमच्यावर कोट लागला.

पोहे आले. मामा तिला म्हणाले, "काही विचारायचं असेल तर विचार."

"तुमच्याकडे इस्पिकची छक्की होती," ती मला म्हणाली. "दश्शी का टाकली?"

"मला खेळता येत नाही."

"मग हो का म्हणालात?"

"आबांनी विचारलं म्हणून."

तिने पोह्यांवर लिंबू पिळलं. मग म्हणाली, "आम्हीही त्यांना हो म्हणूनच फसलोय."

चार दिवसांनी होकार आला. फोन आबांनीच मला केला. तू पोरगा चांगला आहेस, म्हणाले, पण भिडू म्हणून नको. तुझ्या मामांना रविवारी मोकळा वेळ असतो का?

मामा आता महिन्यातून दोनदा जळगावला जातात. माझ्या सासरच्या बातम्या मला त्यांच्याकडूनच कळतात.