आमचा भाद्रपद, त्यांचा कुआर

बाबांना गप्प बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं. रिटायर झाले, मग आई गेली, आणि आम्ही त्यांना पुण्याहून इथे ऑस्ट्रेलियात, ट्रुगानिनाला आणलं, तर इथेही त्यांना शिकवायला कोणीतरी हवंच होतं. नवरा सकाळी ट्रेन पकडून सिटीत जातो. मी घरून काम करते, म्हणजे कानाला हेडफोन लावून दिवसभर मीटिंगांमध्ये बसते. लेक आजोबांना इंग्लिशमध्ये उत्तरं देते, तीही एका शब्दाची. मग बाबांना शेजारीण सापडली.

शेजारीण उत्तर प्रदेशची, पूर्वेकडच्या एका खेड्यातली. पण ते खेडं तिला सुट्टीपुरतंच माहीत. शिक्षण सगळं कानपूरच्या हॉस्टेलात, इंग्लिश मीडियममध्ये. स्टुडंट व्हिसावर इथे आली, युनि झालं, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, आणि आता म्हाताऱ्यांच्या होममध्ये शिफ्ट करते. आर्वोला, म्हणजे दुपारी, सुटली की आमच्याकडे चहाला. मी तिच्याशी अरे-तुरेच्या हिंदीत बोलते, बाबा मात्र तिला 'बेटा' म्हणायचे आणि ती त्यांना 'अंकल'.

त्या वर्षी मार्चमध्ये तिचे वडील गेले. ती धावत जाऊन तेरावं करून परत आली, आणि आईला तिथेच ठेवून आली, कारण दुसरा इलाजच नव्हता. आईवडिलांचा व्हिसा म्हणजे इथे काय प्रकरण असतं ते आम्हाला विचारा. गावाच्या कडेला घर, घरामागे बिघाभर जमीन, त्यात भाजीपाला. शेजारच्या वावरात चाचा, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. चाचा काही दुष्ट माणूस नव्हे. त्याचं म्हणणं एवढंच, की भाभी एकट्या कसं करणार? जमीन मी बटाईने, वाट्यावर कसतो, भाभींनी कानपूरला मोठ्या मुलीकडे राहावं. मोठीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आईने साफ नाही म्हणून सांगितलं. वडिलांचं सगळं त्या घरात, त्या मातीत, ती कुठे जाणार? शेवटी असं ठरलं, की एक हंगाम बघायचा. पावसाळा सरल्यावरची अगेती गोभी, म्हणजे आपला आगाप, लवकरचा फ्लॉवर, भाभींनी नीट काढून दाखवला, तर चाचा पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर कानपूर.

म्हणजे एका बाईने स्वतःच्या घरात राहायचं की नाही, हे फ्लॉवरच्या गड्ड्यांवर आलं.

ऑगस्टमध्ये ह्या दोघांचं प्लॅनिंग सुरू झालं. बाहेर आमच्या वेस्टच्या उपनगरांतला तो बोचरा वारा, आत हीटर, बाबा कानटोपी घालून टेबलाशी, समोर शेजारीण, आणि फोनच्या स्क्रीनवर तिची आई, डोक्यावरून पदर घेतलेली, मागे खाट आणि एक गाय. रोप किती दिवसांचं झालं, पावसाचा मारा लागू नये म्हणून गादीवाफ्यावर काय घातलंय, कडेच्या वाफ्यांत मुळा घ्यायचा की पालक, मेथी कधी टाकायची. मी एकदा म्हटलं, ह्यालाच उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. बाबांना राग आला. दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले.

खरं सांगायचं तर त्या आईला शेतातलं काम सगळं येत होतं, खुरपणी, काढणी, जुड्या बांधणं. फक्त काय कधी लावायचं हे नवरा ठरवायचा आणि ती मागे चालायची. आता तो नव्हता, आणि त्याचं एक वाक्य तेवढं तिच्याजवळ राहिलं होतं. कुआर लगते ही गोभी लग जाती थी. कुआर लागला, की लगेच लागण.

आता कुआर म्हणजे काय, हे कानपूरच्या हॉस्टेलवालीला ठाऊक नाही. तिला सप्टेंबर कळतो. तिने बाबांना विचारलं आणि बाबांची कळी खुलली. कुआर म्हणजे आश्विन! एवढं बरोबरच होतं. उठले, पॅन्ट्रीच्या दारावर लावलेलं आमचं मराठी कॅलेंडर काढून आणलं, बोट ठेवलं. घटस्थापनेला आश्विन लागतो, ही घे तारीख. तिने ती फोनमध्ये टाकली. त्या तारखेला मजूर सांगितले गेले, त्या तारखेला चाचाच्या बोअरचं पाणी मागून ठेवलं, सगळं इथून. इथले ऋतू उलटे, आमच्याकडे तेव्हा वसंत येऊ घातलेला, म्हणून चूक झालीच तर ह्या उलट्यासुलट्यात होईल असं दोघांना वाटायचं. त्यामुळे तारखा पुन्हा पुन्हा तपासून झाल्या. जिथे चूक नव्हती ती जागा त्यांनी अगदी बारकाईने तपासली.

मग सप्टेंबरात एका संध्याकाळी कॉलवर आई म्हणाली, कुआर आलाय, रोप वाढत चाललंय, लावून घेते. बाबा शेजारीच बसलेले. ते हसले, प्रेमानेच हसले, आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले की बहनजी, अजून पितृपक्ष चालू आहे, हा भाद्रपद आहे, तुमचा भादों. ती म्हणाली, हो भाईसाहब, पितरपक्षच चालू आहे, म्हणून तर कुआर. बाबांनी फोनवर हात ठेवला आणि मला मराठीत म्हणाले, ''बिचारी. घोळ होतोय गं तिचा.''

घोळ होतोय हे मानायला आम्हाला जड गेलं नाही, हेच वाईट. नवरा गेल्यापासून बाई थोड्या हललेल्याच होत्या. वरणात साखर घातली होती. दोन कप चहा करून एक तसाच ठेवायच्या. आणि शेजारणीचं तर कामच ते. होममध्ये रोज सकाळी ती गोऱ्या आजीआजोबांना विचारते, आज वार कोणता, महिना कोणता. ज्याचा महिना चुकतो त्याच्याकडे सगळे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. ती नजर मी त्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांत बघितली, आईकडे बघताना. आवाजसुद्धा कामावरचा लागला, मोठा, सावकाश, एकेक शब्द सुटा.

''मम्मी, अभी भादों चल रहा है. बोलिए, भादों.''

मी पोळ्या लाटत होते. इतक्या दूरवर, पदर सावरून बसलेल्या त्या बाईला पोरगी पाढे म्हणायला लावत होती, असं वाटलं मला, आणि लाज वाटली. आईने मागे वळून वाफ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, ''अच्छा. भादों है.''

आणि ती थांबली. रोप वाफ्यात वाढत राहिलं. घटस्थापनेला, ठरल्याप्रमाणे, मजूर आले, पाणी आलं, लागण झाली. बाबांनी मला साजूक तुपातला शिरा करायला लावला. शेजारणीला वाटी भरून दिला आणि म्हणाले, बघ, नियोजन म्हणजे असं असतं.

करवा चौथला तिला उपास होता आणि घरात चंद्र बघायला चाळणी नव्हती. होती ती तिच्या नवऱ्याने बार्बेक्यूच्या राखेला वापरली होती म्हणे. ती आमची मागायला आली. बोलता बोलता म्हणाली, कातिक की चौथ आहे, चंद्र इथे किती वाजता निघतो कोण जाणे. बाबांना चूक दिसली आणि त्यांना ती सोडवेना. ते म्हणाले, बेटा, कार्तिक कुठला, कार्तिक दिवाळीच्या पाडव्याला लागतो, अजून आश्विन चालू आहे. ती हसली. नाही अंकल, करवा चौथ कातिकचीच असते, आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बाबा म्हणाले, अगं, चार दिवसांपूर्वी तर कोजागिरी झाली, आश्विन पौर्णिमा, आणि पौर्णिमेनंतर...

वाक्य तिथेच राहिलं. बाबा खुर्चीत बसले. ओठ हलत होते, म्हणजे मनात हिशेब चालू होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ''त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येला.''

मला आधी काही कळेना. त्यांनी समजावलं. शुद्ध पक्ष दोघांचा एकच. वद्य पक्ष आपण मागच्या महिन्याला जोडतो, ते पुढच्या. आपला पितृपक्ष भाद्रपदात, तोच त्यांचा कुआरात. दिवस तेच, आकाशातला चंद्र तोच, नुसतं नाव वेगळं. म्हणजे कुआर लागला होता. बाई बरोबर होत्या. आपण पंधरवडा घालवला.

''हे मला माहीत होतं गं,'' बाबा म्हणाले. ''वर्गात सांगायचो मी पोरांना.''

मी चिडले. अशी चिडले की विचारू नका. माहीत होतं तर तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती का, असं वडिलांना म्हणाले मी, आणि ते ऐकून घेत बसले. बैल गेला आणि झोपा केला. शेजारीण हातात चाळणी धरून उभी होती. बाबांनी तिला हिंदीत पुन्हा सगळं सांगितलं, हात जोडले. तिचा चेहरा पडला, पण म्हणाली, ''नो वरीज अंकल. पंद्रह दिन से क्या होता है.''

पंधरा दिवसांनी काय होतं ते नोव्हेंबरात दिसलं. फ्लॉवरचं आगाप रोप वाफ्यात म्हातारं झालं, की मग त्याला कितीही पाणी घाला, ते नीट वाढत नाही. पानं खुरटी राहतात आणि मधे घाईघाईने एवढासा गड्डा धरतो. तिथे त्याला बटन लागणं म्हणतात. आईने फोन धरून एकेका सरीवरून फिरवला आणि खरंच, कोटाच्या बटनापेक्षा थोडे मोठे, पिवळट, फुटलेले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे. मुळा-पालक छान आला होता, पण मुळा-पालकावर काही ठरलं नव्हतं.

तेवढ्यात चाचा आला. आईने फोन खाटेवर ठेवला, तो चालूच राहिला. आमच्या किचनमध्ये स्क्रीनवर नुसतं आभाळ आणि आवाज. चाचाबरोबर गावातली आणखी कोणी माणसं असावीत. चाचा रागावला नव्हता, त्याला खरोखर आश्चर्य वाटत होतं. भाभी, अख्ख्या गावाने पितरपक्षात लावली, तुमचं रोप तयार होतं, मग थांबलात कशाला? कुआर आलेला कळला नाही?

आम्ही तिघं फोनजवळ सरकलो. आता ती सांगेल, पोरीने थांबवलं. शिकलेल्या पोरीने, ऑस्ट्रेलियातून, कॅलेंडर बघून.

''भूल गई,'' आई म्हणाली. ''याद नहीं रहा.''

शेजारणीने तोंडावर दोन्ही हात घेतले. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने झटकून टाकलं, आणि तिचं बरोबरच होतं.

तिने त्याच संध्याकाळी चाचाला फोन लावला. चूक माझी, मम्मीची नाही, मीच थांबवलं. बाबा स्पीकरवर आले, मास्तरांच्या हिंदीत अमावास्या-पौर्णिमा समजावत राहिले. चाचाने सगळं शांतपणे, आदराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, बेटी, आईची अब्रू सांभाळतेस, चांगली गोष्ट आहे. पण कुआर कधी दोन असतात का? भाभींनी चार माणसांत स्वतः कबूल केलंय की विसरल्या. उद्या गॅस चालू ठेवून विसरल्या तर मी काय तोंड दाखवू? एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. एकदा म्हाताऱ्या बाईने विसरले म्हटलं, की ते परत घेता येत नाही. खरं सांगणारेच खोटे पडतात.

डिसेंबरात आई कानपूरला गेली. गाय चाचाकडे.

बाबांनी तिच्याशी बोलायचा हट्ट धरला. मी नको म्हणत होते, कारण त्यांचं ते हात जोडणं मला बघवत नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ती बसलेली, मागे वाळत घातलेले कपडे. बाबांनी पुन्हा सगळं सांगितलं. आणि काय सांगू, जे चाचाला कळलं नाही, मला दोनदा समजवावं लागलं, ते तिला एका दमात कळलं. म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे पितर भादोंत येतात आणि आमच्याकडे कुआरात, येतात त्याच दिवशी. बाबा म्हणाले, हो, त्याच दिवशी. मग पोरीने विचारलं, मम्मी, तुला माहीत होतं कुआर आहे, मग बोलली का नाहीस?

''बताया तो था,'' आई म्हणाली.

तेवढंच. रागाने नव्हे. ते ऐकून बाबा उठून बॅकयार्डात गेले.

त्यानंतर मोठ्या मुलीने आईला डॉक्टरकडे नेलं. बाई फार गप्प असतात, आणि गावाकडून तर विसरतात असंच सांगितलेलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. आईने वार सांगितला, शहर सांगितलं, नातवंडांची नावं सांगितली. मग डॉक्टरांनी विचारलं, माताजी, महिना कोणता चालू आहे? तिने थोडा विचार केला आणि उलट विचारलं, ''हमारा, या भाईसाहब वाला?''

मोठीने हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती, की आई फारच पुढे गेलीय, कोण भाईसाहेब, कुठले भाईसाहेब. आमच्या शेजारणीने फोन तसाच हातात धरून बाबांकडे बघितलं. बाबांनी कॅलेंडर काढून पाहिलं. त्या दिवशी वद्य पक्ष चालू होता, म्हणजे महिन्याची नावं दोन. बाईंचा प्रश्न अगदी बरोबर होता. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या.