पट्टी असेल तरच कोट

पोलंडात आमच्या लुब्लिन विद्यापीठाच्या गणिताच्या इमारतीत राज्य कुणाचं, असं विचारलंत तर पोरं डीनचं नाव घेणार नाहीत, बोगुमिलाबाईंचं घेतील. तळमजल्यावरची कोट ठेवायची खोली एकवीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. मी समोरच्या खिडकीत बसून वर्गांच्या किल्ल्या देतो, त्यामुळे त्यांचा सगळा कारभार मला तोंडपाठ आहे. नियम एकच. कोटाच्या मानेशी टांगायची पट्टी नसेल, तर कोट परत.

"बाई, आजच्या दिवस घ्या ना," पोरं गयावया करायची.

"आणि टांगू कशाला? माझ्या नाकाला? ही घे सुई, हा दोरा. बस तिथं आणि शीव!"

भले भले हुशार त्या बाकावर बोटं टोचून घेत शिवायचे. एकटे प्राध्यापक शेलिगा बधले नाहीत. त्यांच्या करड्या कोटाला पट्टी नव्हती. ते शिवणार नाहीत आणि बाई घेणार नाहीत. एकवीस वर्षं ते कोट हातावर टाकून जिना चढले.

मग महामारी आली. दीड वर्ष इमारत ओस पडली आणि तेवढ्यात शेलिगा डीन झाले. ऑक्टोबरात वर्ग टप्प्याटप्प्याने भरवायचं ठरलं. आधी पहिलं वर्ष, नोव्हेंबरात दुसरं, आणि बसायचं एक खुर्ची सोडून. कोटांची खोली मात्र गर्दी नको म्हणून बंदच. बाईंना दारात पोरांचा ताप मोजायला बसवलं. वरून डीनच्या सहीचं पत्रकही आलं, की नाताळपर्यंत खोलीवाचून भागलं तर ती कायमची बंद. म्हणजे बाईंची नोकरी गेलीच. पेन्शनला दोन वर्षं उरलेली!

"सूड उगवतोय मेला," बाई मला म्हणाल्या. "झेनोन, हसत असेल बघ मास्कच्या आत."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना चहा दिला.

दुसरं वर्ष परतलं त्याच दिवशी बर्फ पडलं. पोरांनी ओले कोट कुठं ठेवावेत? सोडलेल्या खुर्च्यांवर बसवले आणि वर टोप्या चढवल्या. शेलिगा आत शिरले. वाफेनं त्यांचा चष्मा आंधळा झालेला. बघतात तर वर्ग खच्चून भरलेला.

"तिसांची परवानगी आहे, साठ कसे? निम्मे बाहेर व्हा!"

कुणी हललं नाही.

"तुम्ही, मागचे, लाल टोपीवाले! उठा म्हणतोय ना? कानात बोळे घातलेत का?"

"सर," एक मुलगी कशीबशी म्हणाली, "तो माझा कोट आहे."

हसण्याचा तो गडगडाट माझ्या खिडकीपर्यंत आला.

तास संपल्यावर शेलिगा खाली उतरले, थेट बाईंसमोर आले आणि म्हणाले, "उद्यापासून खोली उघडा. नाहीतर मी कोटांनाच गणित शिकवत बसेन." आणि हातातला करडा कोट त्यांनी पुढे केला.

बाईंनी तो घेतला, कॉलर उलटून पाहिली. पट्टी नव्हती. मी मनात म्हणालो, बाई, आज नका हो, पोटावर पाय येईल!

"पट्टी?" बाई म्हणाल्या.

शेलिगांचे कान लाल झाले. क्षणभर ते जिन्याकडे वळलेही. मग मुकाट्यानं बाकावर बसले आणि हात पसरून म्हणाले, "द्या सुई."

पाव तास लागला, तीनदा बोट टोचलं. शिवण इतकी वेडीवाकडी, की बाईंनी एखाद्या पोराची तिथल्या तिथं उसवली असती. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली, कोट पहिल्या खुंटीवर टांगला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"वाकडी आहे," त्या अखेर म्हणाल्या.

"असू दे हो," शेलिगा म्हणाले. "दोन वर्षं तरी टिकेल ना?"