ट्रॅक्टरखाली कोण हाय?

काल लोडर लावलेल्या छोट्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल बदलताना तोच करपट वास आला आणि माझ्या माहेरचं, हट्टा गावातलं अंगण आठवलं.

लग्नाआधी एकदा बाबांचा शर्ट घालून मी ट्रॅक्टरखाली आडवी झाले होते. जुनं तेल काढायचा प्लग नुकताच उघडला होता; कोमट, काळं तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. तेवढ्यात मला बघायला येणारे पाहुणे एक दिवस आधीच दारात उभे राहिले.

"खाली कोण हाय?" एकानं विचारलं.

"गडी हाय आमचा. लेक गेली मामाकडं," बाबा म्हणाले.

शरमेनं कान तापले, तरी मी बाहेर आले नाही.

पाहुणे गेल्यावर बाबांनी रॉकेलच्या फडक्यानं माझे हात पुसले. "चुकलं माझं, माय."

तेव्हा मला माझ्याच हातांची लाज वाटली होती. आता आठवतं, हात स्वच्छ झाले तरी बाबा पुसतच राहिले. माझ्याकडं बघणं काही त्यांच्यानं झालं नाही.