येळवशीची वाघूर

आयुष्यात मी एकाच शिकारीत भाग घेतला. तोही नवी साडी नेसून, हातात आंबिलीचा तांब्या घेऊन आणि घसा बसेपर्यंत ओरडून. शिकार रोखण्यासाठी सरकार मला पगार देतं, हे सांगितलं की लोक पुढचं ऐकायला सरसावून बसतात.

मी वनरक्षक आहे. माझी बीट देगलूरच्या बाजूला, माहेर नायगावकडे आणि सासर लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका गावात. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी सगळ्या पाहुण्यांना सांगितलं होतं, की आमची सून खाकी घालते, साहेब हाय. मला ते फार आवडलं होतं. त्यांना मी मामा म्हणते. सत्तरीचा ताठ माणूस, मोजकं बोलणारा, आणि बोललेलं न फिरवणारा.

लग्नानंतरची पहिली येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. हिवाळ्यातल्या त्या अमावास्येला लातूर जिल्ह्यातली गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. आमच्या माहेराकडे एवढी धामधूम नसते, त्यामुळे मी तर हरखूनच गेले होते. ट्रॅक्टरवर बसून निघालो तेव्हा मांडीवर भाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं, पायाशी आंबिलीचा माठ, मागे बाजरीच्या उंड्यांची टोपली. ज्वारी डोक्याइतकी झाली होती. शेतात कडब्याची कोपी उभी केलेली, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले. पूजा झाली आणि आंबिलीची फेरी निघाली. पिकाभोवती आंबील शिंपडत, आरोळ्या ठोकत फिरायचं असतं.

"सूनबाई, वरड की," सासूबाई म्हणाल्या. "पयल्या येळवशीला सुनेचा आवाज शिवारात गेला पायजे."

माझ्या आवाजाला काय तोटा? जंगलात या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक मारायची सवय. मी अशी आरोळी दिली, की शेजारच्या शेतातली माणसं जेवता जेवता उठून बघू लागली. मामा खूश दिसले. "आणिक वरड," ते म्हणाले, "त्या खालच्या कोपऱ्याकडं वरड." मी ओरडले. ते हात करतील तिकडे ओरडले. चुलत सासरे मिशीत हसत होते आणि माझा नवरा माझ्याकडे न बघता करडईकडे बघत होता. मला वाटलं, बायकोच्या आवाजाची लाज वाटतेय बिचाऱ्याला.

फेरी संपवून पंगत बसली. पहिला घास तोंडात गेला न गेला, तोच खालच्या कोपऱ्यातून काडकाड आवाज आला. ज्वारीची धाटं मोडत होती. चुलत सासरे पत्रावळीवरून उठलेच. "घावला. ससा घावला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्याकडे वळून मी फक्त "ससा?" म्हटलं. तो भज्जीची वाटी हातात धरून उभा होता. म्हणाला, "दर येळवशीला धरतेत. एकच. रीतच हाय तशी."

मी साडी खोचली आणि धावले. सगळ्यांच्या मागून निघून सगळ्यांच्या पुढे पोहोचले.

बांधाला जिथे खिंड होती तिथे वाघूर लावलेली होती. वाघूर म्हणजे शिकारीचं जाळं. अंबाडीच्या सुतळीचं, कमरेएवढं उंच, दोन्हीकडे खुंट्यांना बांधलेलं. पहाटेच लावून ठेवलं असणार. फेरीच्या आरोळ्यांनी ससा उठतो, आवाजापासून लांब पळतो आणि नेमका खिंडीत शिरतो. देवाचं देव झालं आणि शिकार हुसकावायचा हाकाही. इतक्या वर्षांत त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्या रानातला ससा आपलाच, एवढा साधा हिशेब.

पण जाळ्यात ससा नव्हताच. काळविटाची मादी होती. तपकिरी पाठ, पांढरं पोट, मागचे दोन्ही पाय सुतळीत गुरफटलेले, मानेलाही फास बसलेला. ती लोळत होती, झटके देत होती आणि प्रत्येक झटक्यासरशी जाळं आणखी आवळत होतं.

सगळे जाळ्याभोवती गोळा झाले. मग चुलत सासरे म्हणाले, "आयतीच आलीया. देवानंच धाडली म्हना." शेजारच्या शेतातली चार माणसंही येऊन ठेपली होती. त्यातला एकजण कोपीकडे विळा आणायला वळला.

मी गुडघ्यांवर बसले आणि पदर सोडून तिच्या डोळ्यांवर टाकला. डोळे झाकले की हरीण शांत होतं, हे आम्हाला शिकवतात. एक हात तिच्या खांद्यावर दाबून धरला आणि म्हणाले, "हिला कुणी हात लावायचा नाही." लग्नानंतर थोरल्यांसमोर मी बोललेलं ते पहिलं मोठं वाक्य. डोक्यावर पदरही नव्हता.

एक कबुली देते. मी संतापले होते, घाबरले होते, पण त्याहून जास्त मला आनंद झाला होता. इतकी वर्षं मी काळविटं दुर्बिणीतून पाहिली, खुरांचे ठसे मोजले, मेलेली दोन पंचनाम्याला पाहिली. जिवंत काळविटाच्या अंगावर माझा हात पहिल्यांदा पडला होता. तिचं काळीज माझ्या तळव्याखाली इतकं जोरात उडत होतं, की माझा हातच हलत होता.

"मामा," मी म्हणाले, "लवकर सोडवा. जखम नसली तरी ही धास्तीनंच मरेल."

मामा खाली बसले आणि गाठी सोडवू लागले. एक सुटली. दुसरीला नख लागेना. सुतळी जुनी, घट्ट बसलेली. तिसऱ्या गाठीपर्यंत ती झटके द्यायची थांबली होती, आणि ते लक्षण चांगलं नव्हतं.

"कापा, मामा."

त्यांनी मान वर केली. "बाई, ही वाघूर माझ्या बापानं इनली. फाटंल तितं म्या इनत आलो."

"श्वास मंद होत चाललाय तिचा," मी म्हणाले. विळा आणायला गेलेला माणूस तेवढ्यात परत आला होता. मामांनी त्याच्या हातातून विळा घेतला आणि मानेजवळची सुतळी एका ओढीत तोडली. मग पायांची. मग मधला सगळा पट्टा उभा चिरून टाकला. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

मी पदर उचलला. ती पडूनच राहिली. किती वेळ कोण जाणे, मला तर तो युगासारखा वाटला. मग तिने कान हलवला, मान उचलली, उभी राहिली, एकदा धडपडली, आणि अशी उडाली की काय सांगू. हरभरा एका ढांगेत ओलांडला, दुसऱ्या ढांगेत बांध. मागून येऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. विळा आणणारा माणूससुद्धा हसत होता. मी मातीने माखलेल्या साडीत लहान पोरीसारखी उड्या मारत होते.

"झालं मंग," चुलत सासरे म्हणाले. "गेली ती. चला जेवाया."

सगळे वळले. मी वळले नाही, आणि मामांच्या ते लक्षात आलं. "काय ऱ्हायलं आता?" त्यांनी विचारलं.

शाळाशाळांतून पोरांना जे घडाघडा सांगते, ते सासऱ्याला एकेक शब्द जुळवत सांगितलं. कायद्याच्या लेखी शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. जाळं लावणं, पकडणं, जाळ्याकडे हुसकावणं, तसा प्रयत्न करणं, सगळं शिकारच. शेत आपलं आहे म्हणून सूट नाही. ससाही धरता येत नाही. आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातलं, त्याला तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. जनावर सोडून दिलं म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

"म्हंजे सासऱ्याला जेलात घालनार व्हय ही?" चुलत सासरे मला नाही, सासूबाईंना विचारत होते. सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की तो माठ माझ्या डोक्यात फोडला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

नवरा हळूच म्हणाला, "पण तू तर आज रजेवर हायस."

माझं डोकंच सणकलं. "रजेवर मी आहे," मी म्हणाले, "कायदा नाही. आणि तुला सकाळपासून माहीत होतं. मला ओरडायला लावलंत, आणि तू करडई बघत बसलास." तो वाटीत बघू लागला.

पण आवाज चढवला तरी माझंच ठरत नव्हतं. आज गप्प बसले, तर उद्या रानाच्या कडेकडेनं तितर धरणाऱ्या गरिबाच्या झोपडीत कुठल्या तोंडाने शिरू? आणि कळवलं, तर या घराच्या उंबऱ्यावर कुठल्या तोंडाने उभी राहू? सासऱ्याला आत टाकणारी सून, हे नाव मला जन्मभर पुरलं असतं.

मामा बांधावर बसले होते, मांडीवर वाघुरीचा चिरलेला पट्टा. सुतळीवरून बोटं फिरवत होते. मग म्हणाले, "हुसकावनं बी शिकारच म्हनलीस?"

"हो."

"मंग तू वरडलीस ती?"

"तीही. मी माझ्या जबाबात लिहिणार आहे."

"तुला म्हाईत न्हवतं. मला म्हाईत व्हतं. तुझ्या तोंडून म्या हाका घालून घेतला." त्यांनी हात पुढे केला. "तुज्या हापिसाचा लंबर लावून दे. म्या बोलतो."

मी लातूरच्या कार्यालयाचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. ते उभे राहून बोलले. गावाचं नाव, शिवार, वाघूर, हरीण, सोडून दिल्याचं, सगळं एका दमात. आवाज कुठेही अडखळला नाही.

दुपार कलायच्या आत जीप आली. उतरलेले अधिकारी मला ओळखत होते. माझी मातीने माखलेली साडी पाहून ते आधी गडबडले, मग सावरले. पंचनामा झाला. वाघूर जप्त झाली, खुंट्यांसकट. माझा जबाब झाला, त्यात मी माझ्या आरोळ्या लिहिल्या. त्यावरून पुढे माझी खात्यात चौकशी झाली आणि ती आटोपलीही. मामांना लातूरला नेलं, जामीन झाला, केस अजून चालू आहे. तारखेला मामा आणि मी मोटारसायकलवर जातो. गाडी मी चालवते.

पण मला त्या दिवसातला आठवतो तो कागद भरतानाचा क्षण. सगळा गोतावळा कोपीभोवती उभा, शेजारच्या शेतातली माणसं कान टवकारून. अधिकाऱ्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि विचारलं, "खबर देणाऱ्याचं नाव?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं, पण मामा माझ्या पुढे येऊन उभे राहिले.

"माझं लिहा," ते मोठ्याने म्हणाले, अगदी पार पलीकडच्या शेतात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "फोन म्या केला."

"आणि आरोपी?"

"त्यो बी मीच. दोनी जागी माझंच नाव लिहा."

अधिकाऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. सासूबाई पुढे दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. पण सुनेनं सासऱ्याला अडकवलं, असं गावात आजवर एकानेही म्हटलेलं नाही. म्हणणार कसं? कागदावर तसं नाहीच.